तांडेल मॅडमचे देव

तांडेल मॅडमनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "तुमच्या गावच्या वेशीवर कोण बसतं?"

पालघरच्या त्या कॉलेजात मी मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. लग्न होऊन सांगलीकडून बोईसरला आले होते. नवऱ्याची नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत. स्टाफरूममध्ये माझी कुणाशी धड ओळखही झाली नव्हती. समोरच्या खुर्चीत सुती साडी नेसलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या एक ठेंगण्या बाई बसल्या होत्या. डबा उघडता उघडता त्यांनी हे विचारलं. मला वाटलं, त्या गावातल्या रिकामटेकड्यांबद्दल विचारतायत. मी म्हटलं, "पारावर म्हातारी माणसं बसतात."

"माणसं नाही हो. देव कोण बसतो?"

"म्हसोबा," मी जरा आठवून सांगितलं.

"त्याचं तोंड कुठे?"

ते मला माहीत नव्हतं. अख्खं लहानपण त्या वेशीतून ये-जा करण्यात गेलं होतं, पण म्हसोबाचं तोंड कुठल्या दिशेला आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. "मग आज आईला फोन करून विचारा," मॅडम म्हणाल्या आणि जेवायला लागल्या.

संध्याकाळी मी खरंच फोन केला. आई आधी हसली, मग म्हणाली, "ओढ्याकडं हाय. पण आधी गावाकडं होतं म्हणं. तुझ्या पणजोबाच्या वेळेला फिरवला." मग ती बराच वेळ तेच सांगत राहिली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी घास हातात तसाच धरून विचारलं, "का फिरवला? कुणी ठरवलं?"

कुमुदिनी तांडेल हे त्यांचं पूर्ण नाव. त्या समाजशास्त्र शिकवायच्या, पण आवडीचा विषय एकच: ज्यांचे देव पुष्कळ आहेत अशी माणसं. ग्रीक, रोमन, इजिप्तचे लोक, आफ्रिकेतले योरुबा, जपानातली डोंगरावरची आणि झऱ्यावरची दैवतं, आणि आपल्या पालघर, डहाणू, जव्हारकडचे वारली. धर्मावरचा ऐच्छिक पेपर त्या शिकवायला लागल्या की मी कधी कधी व्हरांड्यात थांबून ऐकायची. इजिप्तच्या कुठल्याशा देवीबद्दल त्या अशा बोलायच्या, जणू ती सातपाटीच्या बंदरावर राहते आणि तिची सून ह्यांच्या ओळखीची आहे. ग्रीकांच्या चुलीच्या देवीला सगळ्यांच्या आधी घास का ठेवायचे, हे सांगताना त्या वर्गाला विचारायच्या, "तुमच्याकडे पहिला घास कुणाला?" मग एकेक हात वर व्हायचा. कुणाकडे अग्नीला, कुणाकडे गाईला, कुणाकडे मेलेल्या आजोबांना. एक मुलगा म्हणाला होता, आमच्याकडे बाबांना. त्यावर मॅडम सगळ्यात जास्त हसल्या.

दोन शब्द त्यांना खपत नसत. एक 'अंधश्रद्धा' आणि दुसरा 'निसर्गपूजक'. पहिला वापरला की त्या म्हणत, "बरं, तुम्ही निकाल दिलात. आता खटला काय होता ते सांगा." दुसरा वापरला की म्हणत, "वारली झाडाला पूजत नाही. त्या झाडापाशी जो राहतो त्याला पूजतो. तुम्ही घरमालकाला घर म्हणाल का?"

वारली हिंदू की वेगळे, हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये दर निवडणुकीला निघायचा. दोन्ही बाजूंचे लोक मॅडमकडे यायचे, कारण त्यांचं मत आपल्या बाजूने पडावं असं प्रत्येकाला वाटायचं. मॅडम शांतपणे ऐकून घ्यायच्या. "तुम्हाला माझ्याकडून एक वाक्य पाहिजे," त्या म्हणायच्या. "माझ्याकडे वाक्य नाही. माझ्याकडे लग्नं आहेत, पेरण्या आहेत, मयतं आहेत. ती ऐकायची असतील तर बसा." बसायला कुणाला वेळ नसायचा.

त्या स्वतः कुठल्या देवाला हात जोडायच्या का, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. पाड्यावरच्या देवापाशी गेलं की कुणी न सांगता बूट काढायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या, पण हात जोडायच्या नाहीत. मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं शैला, मी तिथे पाहुणी. पाहुण्यानं घरच्यासारखं वागायचं नसतं. आणि तिऱ्हाइतासारखं तर नाहीच."

हे सगळं सुरू कसं झालं, ते त्यांनी मला एकदा स्कूटरवरून जाताना सांगितलं. मी मागे बसले होते आणि त्यांचा आवाज वाऱ्यातून तुटक तुटक येत होता, तरी त्यांचा आवाज म्हणजे बंदरावरचा, तो कुठेही पोचायचा. त्यांची आई सातपाटीहून सुके बोंबील आणि सुकट घेऊन आतल्या पाड्यांवर जायची. बोंबलाच्या बदल्यात भात, कधी वाल, कधी मोहाची फुलं. लहान कुमुद आईबरोबर चालत असायची. एका घरात तिनं भिंतीला टांगलेला मोरपिसांचा जुडगा पाहिला आणि खेळायला म्हणून हात लावला. घरातली बाई ओरडली नाही. तिनं कुमुदचा हात धरून बाजूला घेतला आणि म्हणाली, "यो हिरवा हाय. आमचा देव. झोपलाय."

"परतताना मी आईला विचारलं, देव मोरपिसांचा असतो का," मॅडम म्हणाल्या. "आई म्हणाली, त्यांचा असतो. आपला दर्यात असतो. मी म्हटलं, मग खरा कुठला? आईनं डोक्यावरची टोपली सारखी केली आणि म्हणाली, 'ज्याच्या घरात बसलीस त्याचा.' "

त्यामुळे की काय, पाड्यावर जाताना मॅडम कधी मिठाई किंवा बिस्किटं नेत नसत. पिशवीत सुक्या बोंबलांची पुडी असायची. पहिल्या काही वर्षांत पाड्यांवरच्या बायका त्यांना मासळीवालीच समजत. पुढे त्यांना 'मास्तरीणबाय' म्हणू लागल्या, तरी बोंबलाची पुडी चुकली नाही.

लाडकीबाय धोडी त्यांना याच पाड्यांवर भेटली. लाडकीबाय धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात, त्यात पालघट देवी असते, आणि धवलेरी गाणी म्हणून त्या देवीला लग्नाला बोलावते. लग्न लागतं ते या गाण्यांनी. लाडकीबाय विधवा होती, काटक होती आणि तोंडाने फटकळ होती. मॅडम तिच्या मागे लग्नांमागून लग्नं फिरल्या. रेकॉर्डर पिशवीतून काढून आधी तिला दाखवायच्या, तिनं मान हलवली तरच सुरू करायच्या. तिनं दिलेला ताडीचा पेला हातात धरून बसायच्या. पीत नसत, पण खालीही ठेवत नसत. लाडकीबाय लोकांना सांगायची, "ही बाय पेला राखत बसते."

मॅडमची पीएच.डी. या गाण्यांवर होती. उशिरा सुरू केली होती. घरी आजारी सासू, धाकटा दीर शिकायचा राहिलेला, नवरा मच्छीमार सोसायटीच्या कामात. तरी त्यांनी प्रबंध पुरा केला, टंकून घेतला, बांधून घेतला. आम्ही सगळे खूश होतो, कारण त्यावर त्यांची बढती अडली होती आणि विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती.

प्रबंधात एक प्रकरण होतं, देवीच्या येण्याच्या गाण्याचं. चौकावर कापड टाकलेलं असतं. धवलेरी हे गाणं म्हणते, मग कापड काढतात. मॅडमनी त्या प्रकरणात सगळं लिहिलं होतं: कोण कुठे बसतं, कापड कुणी धरायचं, गाण्याला किती वेळ लागतो, ऐकणाऱ्या बायका कुठे रडतात. फक्त गाणं लिहिलं नव्हतं. त्या जागी एकच ओळ होती, की हे गाणं लिहू नये असं गाणारीनं सांगितलं आहे, म्हणून ते इथे दिलेलं नाही.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना हे पटलं नाही. तोंडी परीक्षेला ते म्हणाले, "बाई, तुम्हाला गाणं येतं ना?"

"येतं."

"संपूर्ण?"

"संपूर्ण."

"मग हे कसलं संशोधन? मूळ मजकूरच नाही. एक तर गाणं द्या, नाही तर प्रकरण काढा."

प्रकरण काढलं असतं तर प्रबंध पांगळा झाला असता. मॅडमनी दोन्ही गोष्टींना नकार दिला. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला.

प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. मला मुद्दाम बरोबर घ्यायला सांगितलं, म्हणजे मी समजूत घालीन. ते म्हणाले, "तांडेल मॅडम, त्या बाईला लिहितावाचता येत नाही. तुमचा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात पडणार. तिला कळणार कुठून?"

मॅडम म्हणाल्या, "तिला नाही कळणार, सर. पण तिची नात आश्रमशाळेत आहे. तिला वाचता येतं."

प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. खरं तर मला प्राचार्यांचंच म्हणणं पटत होतं, आणि परत येताना स्कूटरवर मी तसं बोललेही. उमरोळी मागे पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "शैला, मला राग आलाय, पण तुझा नाही. मला ती जागा हवी होती गं. फार हवी होती."

ती जागा त्यांच्यानंतर लागलेल्या एका सरांना मिळाली. मॅडमनी त्यांचं अभिनंदन केलं आणि त्यांच्या हाताखाली काम केलं. प्रबंध त्यांनी पुन्हा लिहायला घेतला. या वेळी त्या गाण्याच्या जागी त्यांनी अख्खं एक प्रकरण लिहिलं, जगात ठिकठिकाणी लोक कोणत्या गोष्टी लिहू देत नाहीत आणि का, यावर. ग्रीसमध्ये काही देवीव्रतं अशी होती की घेणाऱ्यांनी त्यांतलं गुपित कधीच फोडलं नाही. हजारो माणसांनी ती व्रतं घेतली आणि आजही आपल्याला आत काय व्हायचं ते धड माहीत नाही. ते वाचताना मला पहिल्यांदा कळलं की बाईंच्या हट्टाला एवढं मोठं कूळ आहे. कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच परीक्षकांपुढे, त्यांना पदवी मिळाली. तोवर बढतीचं वय निघून गेलं होतं. त्यांनी पेढे वाटले नाहीत. सगळ्या स्टाफला घरी बोलावून कोळंबीचं कालवण केलं.

दुसरी गोष्ट कुंभवलीच्या बाजूची. एमआयडीसीला लागून तिथे एक पाडा आहे. पाड्याच्या कडेला एका जुन्या सावरीच्या झाडाखाली त्यांचा गावदेव, आणि शेजारी वाघदेवाची लाकडी फळी, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ कोरलेला, शेंदूर फासलेला. एका कंपनीची भिंत वाढवायची होती आणि नकाशात ती रेघ नेमकी त्या झाडावरून जात होती. पाड्यातला दिनेश नावाचा तरुण, तोही एमआयडीसीतच शिफ्टमध्ये कामाला, दोन जणांना घेऊन कॉलेजात मॅडमना भेटायला आला.

"मॅडम, तुमी आमच्या देवावर लिवलंय. आमाला लिवून द्या, हा देव पाचशे वर्षं जुना हाय. मग कोण हात लावत नाय."

"पाचशे वर्षं आहे का?" मॅडमनी विचारलं.

"असंल."

"मला माहीत नाही रे, दिनेश. माहीत नसलेलं मी लिहीत नाही. मी जे पाहिलंय ते सांगायला येते. कुठे यायचं ते सांग."

दिनेश उभा राहिला. तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकात आमचा देव गेला, तुमचं काम झालं."

तो गेल्यावर मॅडम खिडकीतून मैदानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बोलला ते बोलू दे. पण सुनावणीला जायचं."

पालघरच्या कचेरीत सुनावणी झाली. सुनावणी घेणारे साहेब होते, कंपनीचे वकील होते, मिश्राजी नावाचे मध्यमवयीन मॅनेजर होते, पाड्यातली पाच-सात माणसं आणि म्हातारा रूपजी भगत. मॅडमनी सांगितलं की अमुक वर्षांपासून दर पेरणीआधी इथे पूजा होते, कोण करतं, कसं करतं, कोंबडं कुठे कापतात, पहिलं बी कुणी आणायचं. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. मग वकिलांनी विचारलं, "ती वाघाची फळी किती जुनी आहे?"

"आत्ताची फार जुनी नाही. लाकूड कुजतं, मग नवी कोरतात. मी इथे येते तेव्हापासून एकदा बदलली आहे."

"म्हणजे बदलता येते," वकील म्हणाले. "मग चार हात पलीकडे नवी बसवली तर काय बिघडलं? बाईंनीच सांगितलं, साहेब."

दिनेशनं मॅडमकडे रोखून पाहिलं. खोटं बोलल्या असत्या तर जे झालं नसतं, ते खरं बोलून झालं होतं. मॅडमनी पदर सारखा केला. त्या म्हणाल्या, "फळी बदलतात. जागा बदलता येते का, ते मला ठरवता येणार नाही, आणि वकीलसाहेबांनाही नाही. ज्यांना ठरवता येतं ते मागे बसलेत. त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही."

साहेबांनी रूपजीला पुढे बोलावलं. "काय बाबा, देव हलवता येईल का?"

रूपजी म्हणाला, "आमी कसं सांगू? देवाला इचारावं लागंल."

"मग विचारा."

"इथं कसा इचारू? तो इथं नाय."

कचेरीत थोडा हशा झाला, पण साहेब हसले नाहीत. त्यांनी जागेवर पाहणी ठेवली.

पाहणीच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा झाडाखाली पाड्यातली बहुतेक माणसं जमली होती. पलीकडे कारखान्याची चिमणी, मागे ट्रकांची रांग, हवेत तो एमआयडीसीचा रसायनांचा वास. देवाचा कौल घ्यायला रूपजीनं पाण्याच्या वाटीत तांदळाचे दाणे सोडले आणि वाटीत बघत बसला. पुन्हा सोडले, पुन्हा बघितलं. मिश्राजी चपला काढून एका बाजूला उभे होते. मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला तो नेहमीचा प्रश्न विचारला, हिंदीत. मला त्या वेळी त्यांचा रागच आला. इथे गावाचा देव जायची वेळ आली आणि ह्यांना मिश्राजींच्या गावची वेस सुचते.

मिश्राजी म्हणाले, "हमारे यहाँ डीह बाबा हैं। गाँव के बाहर, पीपल के नीचे। मिट्टी का चबूतरा है, बस।"

"उन्हें कभी हटाया?"

"डीह बाबा को कौन हटाएगा, मैडम?" ते सहज म्हणाले. आणि मग त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आल्यासारखं झालं.

रूपजीनं वाटी खाली ठेवली. "नाय म्हणतो," तो म्हणाला. "भिंतीला नाय नाय म्हणत. उठायला नाय म्हणतो."

मिश्राजींनी सर्व्हेवाल्याला बोलावून नकाशा मागितला. पुढे वरच्या ऑफिसात बऱ्याच चकरा झाल्या, पत्रव्यवहार झाला, दिनेशलाही खेटे घालावे लागले. पण शेवटी भिंत झाडापाशी येऊन वळली. झाडाच्या एका बाजूच्या फांद्या गेल्या आणि जायला अरुंद बोळ राहिला. देव जागेवर राहिला. भिंत वळली त्याच्या पुढच्या आठवड्यात मॅडमनी वर्गात रोमच्या हद्दीच्या देवाची गोष्ट सांगितली. तोही नुसता दगड होता. मोठ्या देवाचं देऊळ बांधायचं म्हणून तिथल्या सगळ्या लहान देवांकडे त्यांना उठवायची परवानगी मागितली. बाकीचे उठले, हा उठला नाही. मग त्याला आत ठेवूनच देऊळ बांधलं. कुंभवलीचं नाव त्यांनी वर्गात काढलं नाही.

या गोष्टीला पुढे एक फाटा आहे. वर्ष-दोन वर्षांनी आम्ही तिकडे गेलो तर झाडाखाली सिमेंटचा ओटा, गुळगुळीत टाइल्स, स्टीलचं रेलिंग आणि फळीवर पत्र्याचं छप्पर. हे मॅडमना लागणार असं मला वाटलं. निम्मं आयुष्य त्यांनी ही जागा जशी आहे तशी पाहण्यात घालवलं होतं. दिनेश टाइल्स धूत होता. मॅडमनी त्याला फक्त विचारलं, "हे का केलं?"

दिनेश म्हणाला, "मॅडम, उघड्यावर ठेवला म्हणून तर त्यांना नकाशात झाड दिसलं, देव नाय दिसला. आता दिसतो."

मॅडम खाली बसल्या, टाइलवर हात फिरवला. मग म्हणाल्या, "हे मला सुचलं नव्हतं. पुढच्या लेखात घालते. तुझ्या नावानं घालू का?" दिनेशनं नळ बंद केला, लुंगीला हात पुसले आणि मॅडमसाठी घरातून खुर्ची आणली.

निवृत्तीनंतर मॅडम सातपाटीच्या घरीच असत. गुडघे गेले होते, स्कूटर सुटली होती. लाडकीबाय त्याआधीच एका पावसाळ्यात गेली. तिच्या दहाव्याला मॅडम रिक्षा करून गेल्या होत्या. मी महिन्यातून एकदा सातपाटीला जायची. अंगणात दोरीवर बोंबील वाळत असायचे आणि मॅडम व्हरांड्यात चष्मा लावून वाचत असायच्या.

अशाच एका दुपारी मी गेले, तर व्हरांड्यात एक तरुण बाई बसली होती, आरोग्य केंद्रातल्या नर्सच्या गणवेशात. मॅडमनी ओळख करून दिली, "ही रंजना. लाडकीबायची नात."

रंजना अवघडून बसली होती. पाण्याचा पेला तिनं दोन्ही हातांत धरला होता. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या पाड्यात पुढच्या महिन्यात लगीन हाय. धवलेरी नाय कोण. दुसऱ्या गावची आणली तर ती तिचं म्हणते, आमचं नाय. आजी मला म्हणायची, तू शिक. मी शिकले नाय. मला लाज वाटायची तवा, मैत्रिणी हसायच्या. बाकीची गाणी मावशीला येतात. ते एक नाय येत."

मॅडमनी चष्मा काढला.

"आजीनं जायच्या आधी सांगितलं होतं," रंजना म्हणाली. "म्हणाली, ते मास्तरीणबायकडं ठेवलंय. तुला पायजे झालं तर जा. तिला सांगितलंय, तुझ्याबिगर कुणाला द्यायचं नाय."

मी मॅडमकडे पाहिलं. परीक्षकांपुढे, प्राचार्यांपुढे, मला स्कूटरवर, त्यांनी हे कधीच सांगितलं नव्हतं. बाईनं लिहू नको म्हणून सांगितलंय, एवढंच त्या म्हणत आल्या. एवढं एक वाक्य त्या दिवशी टेबलावर ठेवलं असतं, तर कदाचित परीक्षकही गप्प बसले असते.

"तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"तेही तिचंच होतं," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी रंजनाला हाताला धरून उठवलं. स्वतःला उठायला त्रास होत होता, तरी तिच्या खांद्याचा आधार घेतला नाही, भिंतीचा घेतला. "माझा आवाज चांगला नाही," त्या तिला सांगत होत्या. "तुझी आजी म्हणायची, मास्तरीण कावळ्यासारखी गाते. तू शब्द धर. चाल तुझ्या मावशीनं ऐकलीय, ती तिच्याकडून घे." दोघी आतल्या खोलीत गेल्या. दारापाशी मॅडम थांबल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शैला, तू बाहेर बस. चहा गॅसवर आहे, उतू जाईल बघ."

मी गॅस बंद केला आणि चहा घेऊन व्हरांड्यात आले. दार लावलं होतं, पण खिडकी उघडी होती आणि पडदा वाऱ्यानं हलत होता. मी तिकडे पाठ करून बसायचं ठरवलं होतं. एकदा मात्र पडदा उडाला आणि दिसलं: मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, रंजना खाली जमिनीवर. मॅडम वाकल्या होत्या, त्यांचं तोंड तिच्या कानाशी होतं आणि उजव्या हातानं त्या तिच्या खांद्यावर हळूहळू ठेका धरत होत्या. रंजनाचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. बंदरावरून बर्फाच्या ट्रकचा आवाज येत होता. मला एक शब्दही ऐकू आला नाही.

मी खुर्ची उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, बोंबलांच्या दोरीपलीकडे, आणि दार उघडेपर्यंत तिथे बसून राहिले.